वृषणाचा पीळ आणि सोनोग्राफी: मोजक्या मिनिटांत नेमके काय पाहावे

रात्री २ वाजता झोपेतून कळवळत उठलेला १३-१४ वर्षांचा मुलगा बहुधा ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो. लाजेपोटी तो नेमकी जागा दाखवत नाही, आई ओवा आणि हिंग देऊन पाहते, सकाळी दवाखान्यात पोट दाबून तपासले जाते, रात्री एकदा उलटी झालेली असल्याने अपचनाचे औषध मिळते आणि कोणीतरी चड्डी उतरवून तपासेपर्यंत दुपार झालेली असते. वृषणाला पीळ पडलेला असेल, तर तोवर ते वाचवण्याची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. दुखणे सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत पीळ सुटला, तर १० पैकी ९ किंवा त्याहून अधिक वृषणे वाचतात. १२ तासांपर्यंत हे प्रमाण निम्म्यावर येते आणि २४ तासांनंतर वृषण वाचणे ही क्वचित घडणारी गोष्ट ठरते.

हा लेख रेडिऑलॉजीचे निवासी डॉक्टर आणि तालुक्याच्या गावी एकट्याने सोनोग्राफी केंद्र सांभाळणारे सहकारी यांच्यासाठी आहे. वृषणकोश अचानक दुखू लागण्याची कारणे अनेक असली, तरी त्या वेळी सोनोग्राफीने आधी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते: या मुलाला आत्ताच्या आत्ता शस्त्रक्रियेसाठी न्यायचे आहे का? आणि माझे आग्रहाचे सांगणे असे, की हे उत्तर वृषणात दिसणाऱ्या लाल-निळ्या रंगापेक्षा, म्हणजे रक्तप्रवाहाच्या खुणेपेक्षा, वृषणाच्या वर, कॉर्डमध्ये (वृषण जिला लोंबते त्या, रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी असलेल्या दोरीत) जास्त खात्रीने मिळते.

प्रोब हातात घेण्यापूर्वी

सोनोग्राफी करायची की नाही, हा पहिला निर्णय. त्यासाठी ‘ट्विस्ट’ नावाची सोपी गुणपद्धत उपयोगी पडते. वृषणाला सूज असेल तर २ गुण, ते हाताला टणक लागत असेल तर २, मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच ओरखडा काढल्यावर वृषण वर खेचले जाण्याची प्रतिक्रिया नसेल तर १, मळमळ किंवा उलटी असेल तर १ आणि वृषण वर चढलेले असेल तर १, असे एकूण ७ गुण होतात. ५ किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या मुलाची सोनोग्राफी शस्त्रक्रियेच्या आड येता कामा नये. शल्यचिकित्सक वाटेत असतील आणि शस्त्रक्रियागृह तयार होत असेल, तर त्या अवधीत तपासणी अवश्य करावी. पण सोनोग्राफीसाठी म्हणून त्याला दुसऱ्या गावी पाठवू नये. ३ किंवा ४ गुण असलेल्या, म्हणजे मधल्या गटातल्या मुलांच्या बाबतीत मात्र आपल्या तपासणीवर खरोखर बरेच काही अवलंबून असते.

स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांना एक गोष्ट पक्की सांगून ठेवावी. सोनोग्राफीला आलेल्या प्रत्येकाला ‘पाणी पिऊन बसा, लघवी रोखून धरा’ असे सांगण्याची आपल्याकडे सवय असते. वृषणाच्या तपासणीला भरलेले मूत्राशय लागत नाही. उलट, ज्या मुलाला थोड्याच वेळात भूल द्यावी लागेल त्याचे पोट रिकामे राहणे गरजेचे असते, आणि आपल्याच बाकावर बसून त्याने लिटरभर पाणी प्यायलेले असेल तर भूलतज्ज्ञांची अडचण होते. असा मुलगा दारात आला की चालू तपासणी संपताच त्याला आत घ्यावे. रांगेतल्या इतरांना कारण सांगितले तर कोणी कुरकुर करत नाही.

मुलाला पाठीवर झोपवावे, दोन्ही मांड्यांवर टॉवेलची गुंडाळी आडवी ठेवून तिच्यावर वृषणकोश अलगद टेकवावा आणि शिश्न पोटाकडे वळवून दुसऱ्या टॉवेलने झाकावे. वडील किंवा पुरुष सहायक खोलीत असू द्यावा. जेल कोमट असावे, कारण थंड जेलने वृषणकोशाची कातडी आक्रसते, वृषण वर जाते आणि आधीच घाबरलेले पोर अधिकच अंग चोरते. प्रोब ठेवण्याआधी त्याला एका बोटाने दुखण्याची जागा दाखवायला सांगावे आणि दुखणे कधी सुरू झाले, झोपेत की खेळताना, असे पूर्वी कधी दुखून आपोआप थांबले होते का, हे स्वतः विचारावे. कागदावर ‘वेदना २ दिवस’ लिहिलेले असते आणि मुलगा मात्र ‘काल थोडे दुखून थांबले, आज पहाटेपासून पुन्हा’ असे सांगतो. या दोन हकिगतींचा अर्थ फार वेगळा आहे. एक वृषणकोश रिकामा दिसला तर जांघेत हात लावून पाहावे, कारण न उतरलेल्या वृषणालाही पीळ पडतो.

यंत्राची जुळणी आणि निरोगी बाजू

सरळ, उच्च वारंवारतेचा प्रोब (अंगावर टेकवायचे ध्वनिलहरींचे उपकरण) घ्यावा. ७ ते १५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यातला चालतो, त्याहून वरचा मिळाला तर चांगलेच. सुरुवात नेहमी न दुखणाऱ्या बाजूने करावी. याचे कारण केवळ मुलाचा विश्वास मिळवणे एवढेच नाही. निरोगी वृषण हीच आपली मोजपट्टी असते. तिथे कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी पद्धत) लावून वेगाची पट्टी सेकंदाला ३ ते ५ सेंटिमीटरवर आणावी, वॉल फिल्टर (मंद प्रवाह गाळून टाकणारी जुळणी) सर्वांत खाली ठेवावा, कलर बॉक्स (रंग दाखवणारी चौकट) लहान करावा आणि गेन (संकेताची तीव्रता) हळूहळू वाढवत पडद्यावर रंगाचे ठिपके विखुरल्यासारखे दिसू लागले की किंचित कमी करावा. पोटाच्या तपासणीसाठी लावलेली पट्टी तशीच राहिली, तर धडधाकट वृषणातही रक्तप्रवाह दिसणार नाही. निरोगी बाजूच्या आतल्या रक्तवाहिन्या नीट दिसू लागल्या, की कोणतेही बटण न हलवता दुखऱ्या बाजूकडे जावे. पॉवर डॉप्लर मंद प्रवाह दाखवण्यात अधिक संवेदनशील आहे, पण मुलगा हलला की पडदा रंगाने भरून जातो, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रौढाचे वृषण साधारण ४ ते ५ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद असते. लांबी, रुंदी आणि जाडी यांच्या गुणाकाराला ०.७१ ने गुणले की आकारमान मिळते. वयात न आलेल्या मुलांमध्ये ते ४ मिलिलिटरपेक्षा कमी असते आणि तेवढ्या लहान वृषणात निरोगी असतानाही प्रवाह, विशेषतः डायस्टोलमधला (हृदयाच्या दोन ठोक्यांमधील विश्रांतीच्या काळातला), दिसत नाही असे पुष्कळदा होते. म्हणून ५-६ वर्षांच्या मुलात दोन्ही बाजूंना रंग दिसत नसेल, तर घाबरून जाऊन निदान लिहू नये आणि निर्धास्तही होऊ नये, कॉर्डकडे जावे.

यानंतर दोन्ही वृषणे एकाच चौकटीत येतील असा आडवा छेद घ्यावा. चष्म्याच्या दोन काचांसारखी ती शेजारी-शेजारी दिसतात. उजळपणा, आकार, कातडीची जाडी, भोवतालचे पाणी आणि रंग यांची तुलना या एका चित्रात होते, आणि शल्यचिकित्सकाला दाखवण्यासाठी याहून बोलके चित्र दुसरे नाही.

कॉर्डमधला भोवरा

पीळ वृषणात पडत नाही, तो कॉर्डला पडतो. ज्या मुलांमध्ये वृषणाभोवतीचे आवरण कॉर्डवर नेहमीपेक्षा वरपर्यंत चढलेले असते, त्यांचे वृषण घंटेतल्या लोळीसारखे मोकळे लोंबते आणि कॉर्डभोवती फिरू शकते. ही रचना बहुधा दोन्ही बाजूंना असते. नवजात बाळात मात्र आवरणासकट सगळेच फिरते. वेढा पडला की आधी पातळ भिंतीच्या शिरा दबतात, रक्त आत येत राहते पण बाहेर जाण्याची वाट बंद होते, वृषण फुगते, दाब वाढतो आणि मग धमनीतला प्रवाह मंदावत थांबतो. हा क्रम मनात पक्का असेल तर पडद्यावरच्या निम्म्या कोड्यांची उकल आपोआप होते.

कॉर्ड पाहण्यासाठी प्रोब जांघेत, कॉर्ड जिथून बाहेर पडते त्या बाह्य छिद्राच्या पातळीवर आडवा ठेवावा. तिथे वरवरच्या चरबीखाली गोलसर, मध्यम उजळ कॉर्ड सापडते. तिच्यात रक्तवाहिन्यांची बारीक काळी छिद्रे आणि शुक्रवाहिनीची जाड भिंतीची गोल नळी दिसते. आता प्रोब न उचलता, अगदी हलक्या हाताने, मिलिमीटर-मिलिमीटरने खाली वृषणाच्या वरच्या टोकापर्यंत यावे. निरोगी कॉर्ड थोडी वळणे घेत पण सलग खाली जाते. पीळ असेल तर ती एका जागी अचानक वळते, तिचा गोल छेद मोठा होतो आणि कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वलये दिसू लागतात. त्याच जागी प्रोब किंचित वर-खाली सरकवला की ती वलये डोळ्यांसमोर गरगर फिरतात. हाच भोवरा. कलर लावला तर वाहिन्याही त्याच वळणाने फिरताना दिसतात, किंवा वेढ्यापर्यंत येऊन रंग तुटतो. वेढ्याच्या खाली, वृषणाच्या वर, सुजलेली कॉर्ड आणि एपिडिडिमिस (वृषणाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी वेटोळी नळी) यांचा एक ओबडधोबड गोळा तयार होतो. अनेकदा याच गोळ्याला एपिडिडिमिसची सूज समजून प्रतिजैविके सुरू केली जातात. तो गोळा रंगहीन, म्हणजे डॉप्लरवर रक्तप्रवाह नसलेला, असेल आणि त्याच्या वर भोवरा असेल, तर ती सूज जंतुसंसर्गाची नाही. या सरकत्या हालचालीची छोटी चित्रफीत साठवून ठेवावी. थांबवलेल्या एका चित्रात भोवरा पटवून देणे अवघड जाते.

हा भाग इतक्या तपशिलाने लिहिण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. नवीन असताना, रात्रपाळीत, १६ वर्षांच्या एका मुलाच्या दोन्ही वृषणांत मला रंग दिसला. दुखऱ्या बाजूला तो थोडा कमी आहे असे वाटलेही होते, पण ‘प्रवाह आहे, पीळ नाही’ असे लिहून मी मोकळा झालो. जांघेपासून कॉर्ड पाहिली नव्हती आणि धमनीचा आलेखही (ठोक्यागणिक प्रवाहाचा वेग दाखवणारी डॉप्लरची रेषा) घेतला नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्या बाजूला रंग उरला नव्हता, आणि शस्त्रक्रियेत वृषण काढावे लागले. पीळ पूर्ण आवळलेला नसताना वृषणात धमनीचा प्रवाह टिकून राहतो, हे मी पुस्तकात वाचलेले होते. पडद्यासमोर ते मला आठवले नाही. तेव्हापासून कॉर्ड पाहिल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही.

रंग दिसतो आहे अशा वेळी धमनीचा आलेख वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून, दोन्ही बाजूंना घ्यावा. वृषणाची धमनी कमी प्रतिरोधाची असते, म्हणजे डायस्टोलमध्येही प्रवाह पुढेच वाहत राहतो; प्रौढात तिचा प्रतिरोध निर्देशांक साधारण ०.५ ते ०.७ असतो. दुखऱ्या बाजूला डायस्टोलमधला प्रवाह नाहीसा झाला असेल किंवा उलटा वाहत असेल, शिखर बुटके आणि हळू चढणारे असेल, किंवा शिरांचा प्रवाह मिळतच नसेल, तर रंग असूनही अर्धवट पीळ गृहीत धरावा. कातडी आणि भोवतालच्या आवरणांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या वेगळ्या असतात आणि पीळ पडल्यावर त्या उलट अधिक ठळक होतात. तो रंग वृषणाच्या आतला समजण्याची चूक होऊ नये. वृषणाच्या आत, मध्यभागी सापडलेला आलेखच खरा मानावा.

याच्या नेमके उलटेही घडते. पीळ येताना वाटेत आपोआप सुटला, तर वृषणात प्रवाह एकदम वाढतो आणि चित्र हुबेहूब जंतुसंसर्गाचे दिसते. तपासणीच्या मेजावर पोहोचेपर्यंत मुलाचे दुखणे थांबलेले असेल आणि पडद्यावर दुखऱ्या वृषणात रंग जास्त दिसत असेल, तर सुटलेल्या पिळाची शक्यता शब्दांत लिहावी. जंतुसंसर्गाचे दुखणे अर्ध्या तासात असे नाहीसे होत नाही. अशा मुलाची दोन्ही वृषणे टाके घालून जागेवर स्थिर करणे हाच खरा उपाय असतो.

वृषणाचा पोत सुरुवातीच्या तासांत अगदी नेहमीसारखा दिसू शकतो, त्यामुळे ‘पोत चांगला, म्हणून पीळ नाही’ हा तर्क चुकीचा आहे. तो पीळ किती जुना झाला हे सांगतो. प्रवाह नाही पण पोत एकसारखा आहे, तर वृषण जिवंत असण्याची आशा चांगली. काळे-उजळ पट्टे आणि ठिगळे दिसू लागली, तर ते बहुधा गेलेले असते. तरीही वाचेल की नाही याचा निकाल शस्त्रक्रियेच्या मेजावर, पीळ सोडवून रंग परततो का हे पाहूनच लागतो, म्हणून अहवालात मृत वृषण असे ठामपणे लिहून कोणाची घाई कमी करू नये.

शल्यचिकित्सक हाताने पीळ सोडवून पाहणार असतील, तर प्रोब घेऊन शेजारी उभे राहावे. पुस्तक उघडावे तसे वृषण बाहेरच्या दिशेने फिरवण्याची पद्धत आहे. परंतु सुमारे एकतृतीयांश वेळा पीळ उलट दिशेचा असतो, आणि दुखणे वाढले किंवा रंग परतला नाही तर दिशा बदलावी लागते, हे आपल्याला पडद्यावर तत्काळ सांगता येते. रंग परतला तरी शस्त्रक्रिया टळत नाही, फक्त थोडी उसंत मिळते.

पीळ नसेल तेव्हा

७ ते १२ वर्षांच्या मुलांत सर्वाधिक गोंधळ घालतो तो वृषणाच्या वरच्या टोकावरील छोट्या उपांगाचा पीळ. वृषण आणि एपिडिडिमिसचे डोके यांच्या बेचक्यात एक गोल, रंगहीन, ५ मिलिमीटरहून मोठी गाठ दिसते आणि तिच्या भोवती मात्र रक्तप्रवाह वाढलेला असतो. वृषणाचा प्रवाह उत्तम असतो. नेमक्या त्या गाठीवर प्रोब टेकवला की मुलगा दचकतो. उजळ कातडीच्या मुलांत तिथे निळसर ठिपका दिसतो, आपल्याकडच्या सावळ्या मुलांत तो दिसेलच असे नाही. याला शस्त्रक्रिया लागत नाही, विश्रांती आणि वेदनाशामके पुरतात.

एपिडिडिमिसच्या जंतुसंसर्गात सूज बहुधा शेपटाकडून सुरू होऊन डोक्याकडे आणि मग वृषणात पसरते, प्रवाह भरभरून वाढतो, आणि दुखणे तासांत नव्हे तर दिवसांत वाढत आलेले असते. इथेही एक धोका आहे: सूज फार वाढली की ती शिरांना दाबते आणि वृषणाचा काही भाग किंवा संपूर्ण वृषण रक्ताविना मरू शकते. म्हणून या रुग्णांतही आलेख घ्यावा आणि डायस्टोलचा प्रवाह उलटा असेल तर तातडीने कळवावे. मधोमध रंगहीन, आत गढूळ पाणी असलेली जागा दिसली तर ती गळू.

आपल्या भागात दोन आजार विसरून चालत नाहीत. प्रतिजैविके देऊनही न उतरणारी, गाठीगाठींची, ठिकठिकाणी चुना साचलेली एपिडिडिमिसची सूज दिसली तर क्षयरोगाचा विचार करावा आणि त्याच बैठकीत मूत्रपिंडे पाहून घ्यावीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा अशा हत्तीरोगाच्या भागातून आलेल्या रुग्णाच्या कॉर्डमध्ये किंवा एपिडिडिमिसजवळ फुगलेल्या लसीकावाहिन्या असतील, तर प्रोब स्थिर धरून थोडा वेळ पाहत राहावे. जिवंत जंत असतील तर बारीक उजळ धाग्यांची अखंड, दिशाहीन वळवळ दिसते. ती नाडीच्या ठोक्याबरोबर होत नाही, आणि एकदा पाहिलेल्याला ती पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

मार लागून आलेल्या रुग्णात वृषणाभोवतीच्या पांढऱ्या पातळ रेषेचा, म्हणजे ट्युनिका अल्बुजिनियाचा, पूर्ण परीघ डोळ्यांखालून घालावा. ती रेषा तुटलेली असेल, वृषणाची कड वेडीवाकडी झाली असेल किंवा आतला भाग बाहेर आल्यासारखा दिसत असेल, तर वृषण फुटले आहे असे समजून शस्त्रक्रियेसाठी कळवावे. पहिल्या ७२ तासांत ते शिवले तर वाचण्याची शक्यता चांगली असते. रेषा शाबूत असून आत रंगहीन गाठ दिसली, तर तिला रक्ताची गाठ म्हणून सोडून देऊ नये. ती पूर्ण विरेपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने पाहत राहावे, कारण वृषणातला अर्बुद पहिल्यांदा नजरेस येतो तो पुष्कळदा क्रिकेटचा चेंडू लागल्याच्या निमित्तानेच.

अडकलेला हर्निया आतड्याच्या हालचालीवरून आणि जांघेतल्या मानेवरून ओळखू येतो. मधुमेही रुग्णाच्या जाड झालेल्या कातडीत उजळ ठिपके आणि त्यांमागे धूसर सावल्या दिसल्या तर तो वायू असतो. तो दिसताच प्रोब बाजूला ठेवून शल्यचिकित्सकांना बोलवावे. सगळे काही नेहमीसारखे असेल, तर त्या बाजूचे मूत्रपिंड आणि मूत्रनलिका पाहावी, कारण तिथल्या खड्याची कळ वृषणात उतरते.

अहवाल

दुखणे सुरू झाल्याची वेळ आणि तपासणीची वेळ, दोन्ही अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहावी. त्यानंतर कॉर्ड जांघेपासून वृषणापर्यंत पाहिली का आणि तिच्यात भोवरा आहे का, दोन्ही बाजूंचा वृषणांतर्गत प्रवाह, आलेख, पोत, एपिडिडिमिस आणि भोवतालचे पाणी, या क्रमाने लिहावे. ‘कृपया लक्षणांशी ताडून पाहावे’ या एका ओळीवर भागवू नये. पीळ आहे, पीळ नाही, किंवा पीळ नाकारता येत नाही, यांपैकी एक वाक्य स्पष्टपणे असावे, आणि तिसरे वाक्य लिहिताना संकोच वाटू नये, कारण शंकेपोटी उघडलेला वृषणकोश आठवड्याभरात भरून येतो. पीळ असेल तर अहवाल टंकित होण्याची वाट न पाहता जेलचे हात पुसून आधी फोन करावा आणि कोणाशी, किती वाजता बोललो ते नोंदवावे. पीळ नसलेल्या मुलाला घरी सोडताना त्याला आणि त्याच्या वडिलांना समोर बसवून सांगावे, की पुन्हा असे अचानक दुखले तर मध्यरात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका, आणि पोटात दुखतंय असे न सांगता नेमकी जागा सांगा.